झाकलेलं ताट

जालन्याच्या एमआयडीसीत झुंबरबाईची खानावळ लोखंडाच्या कारखान्यांच्या जिवावर चालायची. पाळीवरून उशिरा सुटणाऱ्या गड्याचं ताट ती झाकून ठेवायची, आणि गडी दारात दिसल्याशिवाय त्यावरचं झाकण कुणाच्या बापाला उचलू द्यायची नाही. कारखान्यातली भट्टी फुटली त्या दिवशी एक ताट तसंच झाकलेलं राहिलं.

साक्षीनं, तिच्या लेकीनं, हट्टानं तिला समुद्र दाखवायला हर्णैला आणलं. धक्क्यालगतच्या खानावळीत दोघी मासे खायला बसल्या. भर दुपारी अंधारून आलं होतं. बांधलेल्या होड्या दोरांना हिसके देत होत्या. एका खुंट्याला मात्र होडीच नव्हती. चुलीजवळच्या बाकावर एक ताट झाकून ठेवलं होतं.

झुंबरबाईचा हात सवयीनं त्या ताटाला लागला. "बाई, गार पडलं की हे. तुमचे मालक येऊन राह्यले असतील, तर जल्दी गरम करून देऊ का?"

मालकीण तव्यावरचा मासा उलटत म्हणाली, "राहू द्या. परवाचं आहे ते."

साक्षीनं झाकणाकडे हात नेला. झुंबरबाईनं फाडकन तिच्या मनगटावर चापट मारली.

"उचलू नको! माणूस यायचाय अजून."