इंजिनाला लागलेली माझी नजर

फॉर्म्युला वनच्या गाडीचं इंजिन माझ्यामुळे बिघडतं. हे माझं मत नाही. माझा नवरा, दीर आणि सासरे यांनी एकमताने तसं ठरवलंय. गाडी पळते परदेशात, मी चपात्या लाटते कोपरगावात, तरी दोष माझा.

सुरुवात एका रविवारी संध्याकाळी झाली. आमची गाडी, म्हणजे आमचं सगळं घर जिच्या बाजूचं आहे ती, पहिल्या नंबरावर होती. मी भाजलेल्या शेंगांची ताटली घेऊन टीव्हीसमोरच्या खुर्चीत टेकले आणि गाडीतला जोरच गेला. सरळ रस्त्यावर एकेक गाडी तिला मागे टाकू लागली. पुढच्या शर्यतीत मी नुसते कप उचलायला गेले, तर मागून धूर. तिसऱ्या वेळी दारातून डोकावले, आणि गाडी कडेला जाऊन उभीच राहिली.

"वहिनी, तुमी आतच बसा बरं," दीर म्हणाला. "लई चांगलं इंजिन हुतं."

नवरा आणि दीर साखर कारखान्यात, सासरेही तिथूनच निवृत्त झालेले. तिथे गाळप सुरू करताना मिलपुढे नारळ फोडतात, आणि मिल मध्येच थांबली की पट्टा बघायच्या आधी आज कोण पाहुणा येऊन गेला याची चौकशी होते. अशा माणसांना काय सांगायचं? तरी सांगितलं, की हंगामाला मोजकीच इंजिनं वापरायची मुभा असते, म्हणून तीच तीच थकेपर्यंत पिळतात, मग ती दम सोडतात.

"पिळू दे की," सासरे म्हणाले. "बाकीच्यांची कशी न्हाई बंद पडत?"

मग म्हटलं, नाव झालंच आहे तर त्याचा उपयोग तरी करू. शर्यतीच्या दिवशी कामं तुंबली की मी दारात उभी राहून एवढंच विचारायची, "बसू का?" नवरा धावत येऊन मेथी निवडायचा. दिराने तर कपबशा विसळल्या, त्याही न फोडता. शेजारचे काका दुसऱ्या गाडीच्या बाजूचे. त्यांनी मला मुद्दाम बोलावणं धाडलं, की शर्यत आमच्याकडे बघा, पण नजर तुमच्याच गाडीवर ठेवा. मी जाऊ नये म्हणून त्या दिवशी घरी भेळ आली.

गंमत खरी, पण मला ती खुर्ची हवी होती. कोल्हारला माहेरी वडिलांचा टेम्पो होता. इंजिनाच्या आवाजाचं वेड मला तेव्हापासूनचं. त्या गाडीवर या तिघांपेक्षा माझा जीव काकणभर जास्तच असेल. आत बसून नुसता आवाज ऐकायचा म्हणजे लग्नाच्या मांडवामागे उभं राहून जेवणाचा वास घेण्यासारखं. फार राग यायचा.

हंगामाची शेवटची शर्यत आली. जिंकली तर वर्षाचं अजिंक्यपद आमच्या ड्रायव्हरचं. मी ओट्याशी कणीक मळत होते. बाहेर आरडाओरडा चढत चालला होता, म्हणजे गाडी पुढे होती. मी खूश होते, आणि तेवढ्यात डोक्यात आलं, ही जिंकली तर संपलंच. श्रेय माझ्या नसण्याला जाणार आणि मी जन्मभर आत राहणार. कोल्हारच्या भगवतीला मी मनातल्या मनात म्हटलं, आई, एकदाच बंद पाड. मी आत असताना.

थोड्याच वेळात बाहेरचा आवाज पार बसला.

नवरा दारात आला. "डोकावलीस?"

"कोपरापर्यंत कणीक आहे, अहो. कधी डोकावणार?"

त्याने हात बघितले, ओट्याकडे बघितलं आणि ओशाळून मागे वळला. "अण्णा, ती आतच हाय."

सासरे खाकरले. मग स्वतः उठून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "ये पोरी, बस. उगाच तुला बोल लावला आमी."

मी हात न धुताच जाऊन बसले. पडद्यावर आमची गाडी गवतात उभी होती. ड्रायव्हर तिच्या चाकाला टेकून खाली बसला होता. त्याने हेल्मेटही काढलं नव्हतं. खांदे तेवढे हलत होते. मला रडू आवरेना.

"आता तू कशाला रडतीस?" नवरा म्हणाला. इतक्या मायेने तो वर्षभरात बोलला नव्हता. "तुझा काय दोष हाय यात?"