भाताच्या पाण्यातले मासे

डमडमच्या पुढे, बिमलबाबूंच्या शेताच्या बांधावर फवारणीचा वास घशात बसला आणि याच जागी पाहिलेली आई आठवली.

बिमलबाबू बाबांचे बँकेतले सहकारी. खूप वर्षांपूर्वी आमची कोलकात्याला बदली झाली, तेव्हा त्यांनी आम्हाला इथं आणलं होतं. सोलापूरच्या आईनं ज्वारीचीच शेतं पाहिलेली. भाताच्या पाण्यातून चंदेरी मासे सुळकन गेले, तशी ती थबकली.

"शेतात मासे? कुणी सोडले?"

"कुणीच नाही, बौदी," ते हिंदीत म्हणाले; वहिनीला मात्र ते बंगालीतच 'बौदी' म्हणत. "पावसाबरोबर आपले आपण येतात."

जन्मात मासा न खाल्लेल्या आईनं चपला काढल्या, ती पाण्यात उतरली आणि तिनं हात जोडले.

आज पाणी तळापर्यंत नितळ होतं. त्यात काहीच हलत नव्हतं. मीही चपला काढायला वाकले.

"पाण्यात उतरू नका, दीदी," बिमलबाबूंचा मुलगा म्हणाला. "कालच औषध मारलंय."