हाकेच्या अंतरावरचा डोंगर

महाडच्या एसटी स्टँडवर अम्मीनं धाकट्या रशीदचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दोघंव हाकेच्या अंतरावर ऱ्हावा." आखातात ते अंतर एजंट ठरवतो, हे तिला कुठून कळणार? त्यानं मला ओमानच्या खसबला मासळीच्या गोदामात लावलं आणि रशीदला सरहद्दीपलीकडे, रास अल खैमाच्या दगडखाणीत. जुबेदा, तू तेव्हा लहान होतीस. आता तू विचारतेस, भाई, गावी कधी येतोस? म्हणून हे लिहितोय.

नकाशात आम्हा दोघांमध्ये एकच डोंगर होता. रशीद फोनवर खुशीत यायचा. "भाई, ह्यो तर आपलाच घाट. येक दिस चढू नि वर भेटू." आपण घाटाखालची माणसं. अब्बा सुकी मासळी डोक्यावर घेऊन घाट चढायचे, देशावर विकून परत यायचे. डोंगर म्हणजे वाट, एवढंच आम्हाला ठाऊक. या डोंगराला मात्र त्याच्या बाजूनं सरळसोट कडे होते. माझ्या बाजूनं कोरड्या ओढ्यातून पिकअपचा कच्चा रस्ता वर जायचा, आणि जिथे तो पलीकडे उतरतो तिथेच सरहद्दीची चौकी. एका शुक्रवारी गेलोच. पोलिसानं इंडियन पासपोर्टची झेरॉक्स पाहिली आणि हसला. "खलास," म्हणाला. मूर्खासारखा परत फिरलो.

मग खाणीत दरड कोसळली. निरोप मिळाला तेव्हा रशीदच्या दफनाची तयारी चालली होती. माझ्याकडे व्हिसा नाही, पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात आणि अर्बाब मस्कतला. सख्ख्या भावाच्या मातीला मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी चौकीच्या अलीकडेच पिकअप सोडली आणि गाढवांच्या पायवाटेनं चढत सुटलो. वर दगडी घरांची वस्ती होती. टोकाला लहान कुऱ्हाड असलेली काठी घेतलेला एक म्हातारा भेटला; खाणीत भाऊ गेल्याचं मी त्याला खुणांनी सांगितलं, तसा तो माझ्यापुढे चालू लागला. माथ्यावरून पलीकडच्या धुळकट खाणी दिसल्या, आणि समुद्राकडे भिंत घातलेला एक उजाड चौकोन. म्हाताऱ्यानं तिकडे बोट केलं; कबरस्तान तेच. माती द्यावी म्हणून वाकलो, तर माथ्यावर नुसता दगड. त्याला कळलं. त्यानं मला खाली आपल्या शेताच्या तुकड्याशी नेलं. तिथली माती त्याच्या वाडवडिलांनी पाठीवरून आणून बांधाआड जपली होती. त्यातल्या तीन मुठी रुमालात बांधून मी पुन्हा वर गेलो आणि पलीकडे उधळल्या. वाऱ्यानं सगळी माती माझ्याच तोंडावर आणली. रशीदला हाका मारत मी लहान पोरासारखा रडलो.

पुढे व्हिसा सोपा झाला. किनाऱ्याच्या रस्त्यानं थेट त्या कबरस्तानात गेलो. बिननावाच्या दगडांच्या रांगाच रांगा. राखणदार पाकिस्तानी होता. "भाईजान, इधर सब एक जैसा है," म्हणाला. एका रांगेपुढे उभं राहून फातिहा पढलो. ती रांग त्याचीच होती की नाही, देव जाणे. त्यापेक्षा माथ्यावरून बरं. तिथून तो अख्खा चौकोन माझ्या भावाचा असतो.

अम्मी शेवटपर्यंत फोनवर विचारायची, "हाक जाते ना रं?" जाते, असंच मी सांगायचो. आता इथे वाढलेली माझी पोरंही गावी जाऊ म्हणतात, "अब्बा, इनफ, लेट्स गो होम." आलो तर तुमच्या हाकेत येईन, खरंय. घराची ओढ मलाही आहे गं. पण मग त्याला हाक मारायला डोंगराच्या या बाजूला कोण राहील?