मोहाच्या झाडांपलीकडचं वायफाय

अड्याळचा धर्मेंद्र गावोगावी वायफायचे डबे बसवतो. म्हणजे बसवणारे वेगळे. डबा कुठं लावायचा आणि रेंज कुठवर पोचेल हे ठरवायचं काम याचं. दर वीस पावलांवर थांबून मोबाईलवर सिग्नल बघायचा, वहीत लिहायचा आणि शेवटी नकाशावर गोल काढायचा. गोलातल्या घरांना नेट मिळणार. लोक त्याला इंजिनियर साहेब म्हणतात आणि तोही त्यांना थांबवत नाही.

फाल्गुनात पवनीकडच्या एका गावात त्यानं डबा शाळेच्या छतावर लावायचा ठरवला, कारण शिडी तिथं आयती होती. पाण्याची टाकी जास्त उंच, पण तिथं परवानगी काढा, लांब केबल ओढा, कोण एवढी कटकट करणार. शेतापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे गावाच्या वेगळ्या वस्तीवर, मोबाईलचा टॉवर पकडत नाही, तिथंही सिग्नल छान आला. मधल्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दोन मोठे मोह होते, पण पार निष्पर्ण. खाली त्यांची मालकीण, टोल्यावरचीच रुखमिणीबाई, फुलं वेचत होती.

"पानं आल्यावर बी पोचंन का गा?" तिनं विचारलं.

धर्मेंद्र हसला. "काकू, पानाले कोण विचारते."

हे पुण्याच्या माणसानं म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. याचं लहानपण टोपली घेऊन मोहाखाली गेलं आहे. पावसाळ्यात ते झाड किती गच्च होतं हे याला कुणी सांगायला हवं होतं का? त्यानं टोला गोलात घेतला. त्या भरवशावर रुखमिणीबाईच्या मुलीनं, रेणूनं, नर्सिंगच्या प्रवेशाचं सगळं घरूनच करायचं ठरवलं.

आषाढात पहिल्या यादीत रेणूचं नाव आलं. जागा पक्की करायच्या दिवशी मोबाईलवर नुसतं चक्र फिरत राहिलं. आता येईल, मग येईल म्हणत ती बसली आणि शेवटी शाळेकडे धावली, तोवर मुदत संपली होती.

रुखमिणीबाईनं शाळेजवळ येऊन धर्मेंद्रला फोन लावला. ती रागावली नव्हती. "नेट काहून येत नाई गा? आठ दिवसानं दुसरी यादी हाय."

चूक माझी, डबा टाकीवर नेतो, एवढंच म्हणायचं होतं. पण मग सर्व्हे चुकला हे कंपनीतल्या साहेबांना कळलं असतं.

"काकू, तुमचे मोह आड येऊन राहिले," तो म्हणाला.

फोन ठेवल्यापासून त्याला अन्न गोड लागेना, हे त्यानंच मला सांगितलं. स्वतःची लाज वाटत होती. सातव्या दिवशी त्यानं साहेबांना खरं काय ते सांगितलं, शिव्या खाल्ल्या, केबलचं बंडल गाडीला बांधलं आणि गाव गाठलं.

धुऱ्यावर मोहांचे दोन ताजे खुंट उरले होते.

रेणू ओट्यावर मोबाईल घेऊन बसली होती. "भाऊ, आता फुल रेंज येते. उद्याची काळजी नाई."

रुखमिणीबाईनं चहा आणला. "माह्या सासऱ्यानं लावले होते. पण तू सांगलं म्हणून समजलं बापा, नाई तं पोरीचं साल गेलं असतं." मग तिचं लक्ष गाडीकडे गेलं. "हे बंडल कायले आणलं?"

धर्मेंद्रनं कप खाली ठेवला.

"दुसऱ्या गावचं हाय, काकू," तो म्हणाला.