गरम केलं की आखडतं

माझी आत्या रबर ओठाला लावून बघते. चाचणीच्या खोलीत पट्ट्या ताणून तोडायचं मोठं यंत्र आहे, पण नवा माल मळून आला की ती आधी एक पट्टी दोन्ही हातांत धरून झटकन ताणते आणि वरच्या ओठाला टेकवते. पट्टी कोमट लागली पाहिजे. मग तीच सैल सोडून पुन्हा ओठाला लावते, तेव्हा गार लागली पाहिजे. दिवसभर यंत्राच्या चिमट्यात काही ना काही अडकवत बसते म्हणून पॅकिंगमधल्या आम्ही सगळ्याजणी तिला माघारी चिमटाबाई म्हणतो. मी तिची सख्खी भाची, तरी मीही म्हणते.

बाबा त्याच कारखान्यात प्रेसवर, म्हणजे साच्यात रबर दाबून शिजवायच्या यंत्रावर आहेत. मोठ्या नळांच्या जोडांत बसणारे रबरी वायसर ते काढतात. आत्या त्यांची धाकटी बहीण. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे आत्याच्या वेण्या घालण्यापासून सगळं बाबांनी केलं. पुढे ती विज्ञानाची पदवी घेऊन चाचणीच्या खोलीत बसली, पण बाबांच्या लेखी ती अजून बुटाची नाडी बांधून घ्यायला पाय पुढे करणारीच होती. तिचं बोलणं ते ऐकून घ्यायचे आणि आपल्याला हवं तेच करायचे.

दोघांचं नेहमीचं भांडण होतं ते प्रेसच्या झाकणावरून. झाकण म्हणजे चौघांनाही आवरणार नाही अशी जाड लोखंडी प्लेट. ते हाताने वरखाली करता यावं म्हणून बाबांनी ट्रकच्या जुन्या ट्यूब कापल्या आणि त्या पट्ट्यांनी ते छताच्या तुळईला टांगलं. बऱ्याच प्रेसवाल्यांची ही युक्ती आहे. पट्ट्या बहुतेक वजन पेलून धरतात, माणसाने नुसता हात लावायचा. फक्त थंडीत सकाळी झाकण चार बोटं खाली लोंबायचं आणि दुपारी शेड तापली की आपसूक वर जायचं.

"पट्ट्या म्हाताऱ्या झाल्यात," बाबा म्हणायचे.

"म्हाताऱ्या नाही रे दादा, गारठल्यात. ताणलेलं रबर गरम केलं की आखडतं."

"हो का? जगातलं सगळं तापलं की पसरतं, फक्त तुझं रबर तेवढं आखडतं."

आत्याने मला एकदा डबा खाताना नीट सांगितलं होतं. रबरात रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. हातात हात धरून उभ्या असलेल्या पोरांची रांग समज. दोन टोकं धरून ओढलीस तर रांग सरळ होते. पण पोरं गप्प थोडीच उभी राहणार? ती वळवळतात, आणि वळवळली की टोकं आत ओढली जातात. उष्णता म्हणजे ही वळवळच. जितकी गरमी जास्त तितकी पोरं जास्त वांड, आणि तितकी ओढ जास्त. गंधक घालून शिजवताना या रांगा मधेमधे एकमेकींना बांधल्या जातात, म्हणून त्या निसटून जात नाहीत आणि सोडलं की रबर मूळ जागी येतं. हे ऐकून मी मान डोलावली होती आणि विसरूनही गेले होते.

त्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. झाकण फारच खाली आलेलं बघून बाबांनी ठरवलं की पट्ट्या सैलावल्या, आता बदलायच्याच. खाली टेकू न देता त्यांनी कोपऱ्यातली एक पट्टी सोडली. झाकण तिरकं झालं, त्याला जागेवर धरणारी एका बाजूची खीळ निसटली आणि कड बाबांच्या डाव्या हातावर येऊन बसली. त्यांची किंकाळी आम्हाला पॅकिंगमध्ये ऐकू आली.

एक पट्टी सुटल्याने झाकण आता नुसत्या हातांनी उचलत नव्हतं. मी पोचले तेव्हा फोरमन पहारीने ते उचकटायला बघत होता. पहार लागताच झाकण झुललं आणि बाबा असे ओरडले की फोरमनच्या हातून पहार गळून पडली. पट्टी कापायची सोय नव्हती, सगळं वजन हातावर आलं असतं. जड वजन उचलायची चेनपुली पलीकडच्या शेडमध्ये मोठ्या प्रेसला जोडलेली होती. ती सोडवायला फोरमन धावला. तोवर बाबांची बोटं निळी पडायला लागली होती.

आत्या आली, वर पट्ट्यांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "पॅकिंगमधली हीटगन आण. लांब वायर घे."

"नको!" बाबा म्हणाले. "शहाणे, पट्ट्या ढिल्या पडतील. हात जाईल माझा."

"वर जाईल झाकण."

"आणि खाली आलं तर?"

मी धावत जाऊन गरम हवा फेकणारी हीटगन आणली. आत्या गुडघ्यावर बसली आणि बाबांच्या हाताशेजारी, झाकणाच्या कडेखाली उरलेल्या फटीत तिने स्वतःचा उजवा हात सरकवला. मग मला म्हणाली, "शिडीवर चढ. एका जागी धरू नकोस, जळून तुटेल. सगळ्या पट्ट्यांवर वरखाली फिरव."

माझं डोकंच फिरलं होतं. दोघांवर ओरडावंसं वाटत होतं, पण हातात हीटगन होती. मी ती फिरवत राहिले. जुन्या रबराचा करपट वास सुटला. एका पट्टीच्या कडेला बारीक चीर दिसत होती, तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी तिच्याकडेच बघत होते. झाकण जागचं हललं नाही.

"बंद कर," बाबा म्हणाले.

"फिरव," आत्या म्हणाली.

मी फिरवत राहिले. मग पट्ट्यांमधून चरचर असा आवाज आला आणि मला वाटलं, तुटल्या. मी डोळे मिटले.

"दादा, काढ."

बाबांनी हात ओढला. कड बोटभर वर गेली होती, तेवढंच पुरलं. त्यांचा हात पूर्ण बाहेर आल्यावरच आत्याने आपला काढला.

दवाखान्यात जाताना गाडीत मी मध्ये बसले होते. बाबांच्या हाताला ओला टॉवेल गुंडाळला होता. बोटं हलत होती. आत्या झाकणाखाली घातलेल्या उजव्या हाताचं ग्रीस रुमालाने पुसत होती.

"तुला पक्कं माहीत होतं ना?" मी विचारलं.

"नव्या रबराचं माहीत होतं," ती म्हणाली. "ट्यूब किती जुन्या, आतून किती कुजल्या, कोण सांगणार? गरम केल्यावर आखडतील की तुटतील, ते नव्हतं माहीत."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "मग हात कशाला घातलास?"

"नाहीतर तू पट्ट्या तापवू दिल्या असत्यास? तुला पटवायचा दुसरा उपाय मला कधी सापडलाच नाही."

बाबांनी माझ्या पुढून वाकून चांगल्या हाताने तिचा तो उजवा हात धरला, आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.