उशिरा आलेलं शाब्बास

घोड्यांना गाडी ओढायला शिकवणारा म्हणून तबेल्यात त्याला सगळे मास्तर म्हणत. मारकुटा मास्तर नव्हे. त्याचा चाबूक खुंटीला असे आणि त्यावर कोळ्याने संसार मांडलेला असे. सगळी विद्या त्याच्या हातात होती. जनावराने जोर लावायचं नुसतं मनात आणलं, खांदा गहूभर पुढे झुकला, की त्याच क्षणी हातातला दोर सैल होई आणि तोंडातून हलकेच "शाब्बास" निघे. तो म्हणे, "काम किती झालं ते माणसाला विचारावं. जनावरानं मन केलं की नाही, तेवढंच बघावं."

गेल्या थंडीत त्याची बायको वारली. तो रडला नाही. लोक म्हणाले, मास्तर मोठा खंबीर. खंबीर कसला, बधिर झाला होता. गरम पेल्याचा चटका त्याला पेला खाली ठेवल्यावर कळे. कुणी हाक मारली तर ती लांबून वळसा घालून त्याच्यापर्यंत येई. घर सांभाळायला थोरली बहीण आली. आल्या दिवसापासून तिने भांडी, शेजारी आणि भाऊ यांना एकाच पट्टीत फैलावर घेतलं.

त्याच सुमारास तांबडी त्याच्या हाती आली. तरणी घोडी, अंगानं भरलेली. गाडीला जुंपण्याआधी लाकडाचा ओंडका ओढायला शिकवतात, तो काही तिच्याने हलेना. ती खांदा लावी, साखळी ताणली जाई, आणि मग घोडी मागे सरे. मास्तर म्हणे, "शाब्बास."

मालकाने बरेच दिवस पाहिलं आणि सांगून टाकलं, "मास्तर, उद्या बाजार आहे. आज ओंडका हलला तर ठेवू हिला. नाहीतर विकायची."

"बरं," मास्तर म्हणाला. बाजारात तिला कोण घेईल आणि कशाने शिकवील, हे त्याला ठाऊक होतं. पण ते पाण्याखालून ऐकू यावं तसं.

दुपारी बहीण त्याचा विसरलेला डबा घेऊन आली आणि कुंपणाला टेकून बघत राहिली.

"ही काय करतेय?"

"शिकतेय, आक्का."

"मागे सरायला शिकतेय. ती रेटते तेव्हा तू मुका, आणि ती हरली की तुझं शाब्बास. वरातीमागून घोडं ऐकलं होतं बाबा, घोड्यामागून वरात आज बघितली."

मास्तरने आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू सांग, मी सोडतो."

घोडी झुकली. आक्का म्हणाली, "आत्ता." हात हलला, पण तोवर घोडी मागे आली होती. पुन्हा तसंच झालं. मग त्याने दोर बहिणीपुढे धरला.

"मला देतोस? मी जन्मात कुणाला शाब्बास म्हटलेलं नाही."

"शब्दाचं काही नाही. झुकली की सोड."

आक्काने डबा खांबावर ठेवला, हात पुसले, दोर धरला. घोडीचा खांदा झुकला तशी तिने ढील दिली. "जा ना पुढं. म्हशीसारखी काय उभी राहतेस."

तांबडीचे कान तिच्याकडे वळले. पुन्हा खांदा लागला, पुन्हा ढील मिळाली, आणि वर शिवी. ऊन कलेपर्यंत हेच चाललं. घोडी प्रत्येक खेपेला जरा जास्त वेळ रेटू लागली.

"हं, आता कशी. आळशी मेली," आक्का म्हणाली, आणि ओंडक्याने मातीची पकड सोडली. हातभर सरकला. घोडी आपल्याच करणीने दचकून थांबली, तेव्हा आक्काने आवाज खाली आणून तिला आणखी दोन शब्द सुनावले.

मालक दारातून बघत होता. "राहू दे हिला," एवढं म्हणून तो आत गेला.

मास्तरने घोडीच्या ओल्या मानेवर तळहात ठेवला. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोर मात्र त्याने परत मागितला नाही.

"उद्याही ये," तो म्हणाला.

"आणि स्वयंपाक कोण करील?"

"मी."

"म्हणजे उपाशीच मरायचं," आक्का म्हणाली, आणि घोडीला पुन्हा जागेवर घेऊ लागली. मास्तर साखळी सरळ करायला वाकला.