कालच्यासारखाच आहे ना?

बोईसरच्या कारखान्यात मी काय काम करतो ते आईला निदान दहा वेळा समजावलं असेल. रिअ‍ॅक्टर म्हणजे एक मोठं बंद भांडं. आत रसायन शिजतं, बाहेरून थंड पाणी फिरतं. दिवस जातात तसा आतल्या भिंतीवर थर चढतो आणि थंडावा आत पोचेनासा होतो. थर किती झाला ते उघडून बघता येत नाही. हाताशी दोनच तापमापक, एक आत आणि एक पाण्याच्या वाटेवर. तेवढ्यावरून रोज थराचा अंदाज बांधायचा. आणि थर दुप्पट झाला म्हणून तापमान दुप्पट होतं, असंही नाही. बरेच दिवस काहीच होत नाही, मग एकदम भडकतं.

आई म्हणायची, "मंजे झाकण न काढता भात शिजला का ते सांगतोस. त्याला एवढं शिकायला लागतं? आमी बायका जलमभर तेच करतो."

बरोबर होतं तिचं. फरक इतकाच की मी ते कॉम्प्युटरवर करतो. प्रोग्रॅम आधी भाकीत करतो की आज आकडा अमुक येईल. मग खरा आकडा घेतो, दोन्हींत फरक किती ते बघतो आणि त्याप्रमाणे आपली समजूत बदलतो. भाकीत खरं ठरत गेलं की त्याची खात्री वाढते. माणसाचंही तसंच असतं म्हणा.

आई आणि बाबा शिरगावला राहायचे. आईची हयात मासे सुकवण्यात आणि विकण्यात गेली. तिला इन्सुलिन सुरू झालं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. आज इन्सुलिनचा जेवढा उपयोग होतो तेवढा उद्या होईलच असं नसतं. ताप, जखम, काहीही निमित्त झालं की तो घटतो, आणि तो थेट मोजायचं यंत्र घरात नसतं. थरासारखाच तो आकड्यांवरून ओळखायचा. डोस डॉक्टरच ठरवत होते, त्यात मी नाक खुपसलं नाही. मला फक्त एवढंच हवं होतं, की इन्सुलिनचा उपयोग अचानक कोसळला तर मला वेळेवर कळावं आणि आई वाचावी.

साखर मोजायचं छोटं मशीन मी आणून दिलं आणि ती फोनवर सांगेल त्या आकड्यासाठी लॅपटॉपवर तसाच एक प्रोग्रॅम लिहिला. आईनं अट घातली, "सकाळी एकदाच टोचीन. माज्या बोटांची चाळण करू नको." म्हणजे चोवीस तासांत एक आकडा. कारखान्यात कुणी मला एवढ्यावर अंदाज मागितला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं. इथे आईच होती, काय बोलणार!

तरी जमलं. एका हळदीच्या जेवणानंतर तिनं जिलेबी खाल्ल्याचं मी दुसऱ्या दिवशी फोनवर ओळखलं. "चुगलखोर मेलं," ती मशीनला म्हणाली आणि खूप हसली. मी फुशारलो. उंटावरचा शहाणा, दुसरं काय.

पुढे महिनाभर आकडा जवळपास तोच येत राहिला. एकशे छत्तीस, एकशे चाळीस, एकशे अडतीस. आणि माझा प्रश्न बदलला. आधी मी विचारायचो, "किती आला?" मग विचारायला लागलो, "कालच्यासारखाच आहे ना?" ती म्हणायची, "हाय." आमच्याकडे 'आहे'ला 'हाय'च म्हणतात. मी कालचा आकडा लिहून टाकायचो. कामावर जायची घाई असायची.

मग ते तीन दिवस आले. पहिल्या सकाळी मी विचारलं, कालच्यासारखाच आहे ना. ती म्हणाली, "हाय." दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तिची जीभ जड वाटली. तोंडात मिश्री असेल, असं मी धरून चाललो. "हाय," ती म्हणाली, आणि मी एकशे अडतीस लिहिलं. प्रोग्रॅमला त्याचंच भाकीत खरा आकडा म्हणून परत मिळत होतं, त्यामुळे त्याची खात्री त्या तीन दिवसांत होती तितकी कधीच नव्हती.

चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला की ती उठत नाही. पालघरच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तिला आत नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काल शुगर किती होती?" मी म्हणालो, "एकशे अडतीस." अगदी ठामपणे म्हणालो.

बाबांनी मशीन खिशातून आणलं होतं. बाईंनी बटण दाबून जुने आकडे काढले. तीन दिवस आकडा नव्हताच. तिथे इंग्रजीत दोन अक्षरं होती, एच आणि आय. "हाय दाखवतंय," त्या म्हणाल्या, "म्हणजे मशीनला मोजता येणार नाही इतकी वर. तीन दिवस. तुम्ही बघितलं नाही?"

आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. फक्त हा एक शब्द येत होता, कारण फोनवर माझ्या भाच्यांचे सगळे लेखी निरोप त्यानंच सुरू व्हायचे. मी विचारत होतो आणि ती समोर दिसेल ते वाचून सांगत होती.

पायात माशाचा काटा रुतून आत पू झाला होता. तिनं तो कुणाला दाखवला नव्हता. दोन दिवसांनी ती गेली.

मला रडू आलं नाही. सगळं केलं, लोकांना फोन केले, आलेल्यांना पाणी दिलं. आत काही हललंच नाही. दहाव्यानंतर एका दुपारी मी लॅपटॉप उघडला आणि त्या तीन एकशे अडतीसच्या जागी मशीन मोजतं तो सगळ्यात वरचा आकडा घातला. प्रोग्रॅमनं पहिल्याच सकाळी धोका दाखवला. माझं गणित चोख होतं. मला राग यायला हवा होता, तोही आला नाही. मी लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी बाबा ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. मी जेवत नाही म्हणून त्यांना काळजी वाटत होती. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जिवाला लावून घेऊ नको. ती घाबरून नाय गेली. मीच बोल्लो तिला, पानी लय पितेस, डाक्टरकडं जाऊ. तर बोलते कशी, पोराला रोज सांगते ना मी. तो काय बोल्ला नाय, मंजे घाबरायचं काय नाय."